लळा आणि उमज

रविवारी रात्री नऊच्या सुमारास आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक फोन होतो. मुलगा पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहूनही लांब असतो. आई-वडील इंदूरला, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरात असतात. संभाषण ठरलेले असते. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘तब्येत?’ ‘बरी आहे.’ ‘काम?’ ‘चाललंय.’ ‘पाऊस आहे का तिकडे?’ तीन मिनिटांत फोन संपतो. मग वडील म्हणतात, ‘आवाज जरा उतरलेला वाटला त्याचा.’ आई म्हणते, ‘मग विचारलंत का नाही?’ वडील उत्तर देत नाहीत. टीव्हीचा आवाज थोडा वाढतो.

या छोट्या प्रसंगाकडे जरा नीट पाहू. वडिलांना मुलाच्या मनाचा अंदाज आला नाही, असे नाही. आवाज उतरल्याचे त्यांना बरोबर कळले. मुलावर त्यांची माया नाही, असेही कोणी म्हणणार नाही. तरीही कळणे आणि विचारणे यांच्या मध्ये कुठेतरी वाट अडली. ती कुठे अडली आणि का, हा या लेखाचा विषय आहे.

मानसशास्त्रात या प्रश्नाचा अभ्यास दोन वेगळ्या दालनांत झाला. एका दालनात माणसे एकमेकांशी कशी बांधली जातात, याचा विचार झाला. दुसऱ्यात माणसाला स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना किती उमजतात, याचा. ही दोन दालने एकाच घरातली आहेत आणि त्यांच्यामध्ये दार आहे, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे. भावना हाताळण्याचे कौशल्य माणूस एकट्याने कमावत नाही. ते कोणाच्या तरी सहवासात येते, कोणाच्या तरी सहवासात अडते आणि पुढे कोणाच्या तरी सहवासातच सुटते.

शब्दांपासून सुरुवात

पहिल्या दालनातल्या इंग्रजी संज्ञेसाठी, ‘अटॅचमेंट’साठी, आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत ‘आसक्ती’ हा शब्द वापरलेला आढळतो. तो मला पटत नाही. आपल्या परंपरेत आसक्ती ही सोडायची गोष्ट आहे. या शास्त्राला अभिप्रेत असलेली गोष्ट नेमकी उलट आहे. ती जोडावी लागते आणि ती जोडली गेली की माणूस मोकळा होतो. घरातल्या बोलीत यासाठी चांगला शब्द आहे: लळा. ‘बाळाला आजीचा लळा लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकदम सांगतो. बाळ आजीला इतरांपासून वेगळे ओळखते. घाबरले, दुखले की तिच्याकडे धावते. आणि ती जवळ असली की निर्धास्तपणे खेळते. शास्त्रज्ञांनी या संकल्पनेची जी लक्षणे सांगितली, ती याच्याहून फारशी वेगळी नाहीत. म्हणून लहानपणासाठी मी ‘लळा’ आणि मोठेपणासाठी ‘बंध’ हे शब्द वापरतो.

लहानपणचा लळा

जॉन बोल्बी (१९०७–१९९०) हे लंडनचे मनोविकारतज्ज्ञ. चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांपैकी जी कोणाबद्दलच ओलावा नसलेली वाटत, त्यांच्यातल्या बहुतेकांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आईपासून दुरावलेल्या मुलांविषयीचा अहवाल लिहिला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्या काळचा सर्वसाधारण समज असा होता की, मूल आईला चिकटते ते दुधासाठी. बोल्बींनी म्हटले की तसे नाही. भूक ही जशी स्वतंत्र गरज आहे, तशीच संकटात धावत जाता येईल असे माणूस असणे हीही स्वतंत्र गरज आहे, आणि ती पाळण्यापासून अखेरच्या दिवसापर्यंत राहते. १९६९, १९७३ आणि १९८० या वर्षी निघालेल्या तीन खंडांत त्यांनी ही मांडणी पूर्ण केली.

मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी या मांडणीला निरीक्षणाचा पाया दिला. १९५४ च्या सुमारास त्या युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांत आया व तान्ही मुले यांच्या घरी जाऊन बसू लागल्या. त्यांना दिसले की मुलाचा लळा निर्धास्त आहे की धास्तावलेला, हे आई किती वेळ जवळ असते एवढ्यावर ठरत नाही. मुलाच्या खुणा ती किती ओळखते यावर पुष्कळ अवलंबून असते. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी सुमारे वीस मिनिटांची एक चाचणी बसवली. साधारण एक वर्षाचे मूल अनोळखी खोलीत आईबरोबर असते. आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल रडते की नाही, यापेक्षा ती परत आल्यावर मूल काय करते, हे एन्सवर्थना महत्त्वाचे वाटले. काही मुले तिच्याकडे धावली, बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही बिलगलीही आणि हातपायही झाडत राहिली. त्यांची समजूत निघेना. काहींनी मात्र वर पाहिलेही नाही. ती खेळणी हाताळत बसली, जणू काही झालेच नाही.

ही तिसरी मुले पाहून एखादा म्हणेल, ‘किती समंजस बाळ!’ पण १९७७ साली श्रूफ आणि वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचे प्रसिद्ध केले, आणि दिसले की बाहेरून शांत दिसणाऱ्या या बाळांचे काळीजही धडधडत होते. एक वर्षाच्या वयातच त्यांनी आतले बाहेर न दाखवण्याची वाट शोधली होती. हे चित्र लक्षात ठेवा. पुढे पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

मोठेपणीचे बंध

मोठ्या माणसांना हे कसे लागू पडते? सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हर शहरातल्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयी प्रश्नावली छापली. जवळच्या नात्यात आपण कसे असतो, याची तीन वर्णने दिली आणि आपल्याला लागू पडेल ते निवडा, असे सांगितले. आलेल्या उत्तरांपैकी ६२० उत्तरांचा त्यांनी अभ्यास केला. १९८७ साली त्यांनी लिहिले की, ५६ टक्के लोकांनी ‘सुरक्षित’, २५ टक्क्यांनी ‘टाळणारा’ आणि १९ टक्क्यांनी ‘चिंतातुर’ हे वर्णन निवडले. उत्तरे स्वेच्छेने पाठवलेली होती, तेव्हा आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण प्रेमाच्या माणसाशी मोठी माणसेही लळ्याच्याच रीतीने वागतात, ही गोष्ट त्यातून पुढे आली आणि तिच्यावर नंतर हजारो अभ्यास झाले.

आज या विषयाचे अभ्यासक माणसांना कप्प्यांत घालण्याऐवजी दोन मोजपट्ट्या वापरतात. पहिली चिंतेची: ‘हे माणूस मला सोडून तर जाणार नाही ना?’ दुसरी टाळण्याची: ‘कोणावर विसंबून राहणे नकोच.’ दोन्हींवर ज्याचा आकडा कमी, तो सुरक्षित. पहिलीवर जास्त असलेला माणूस हाक मोठी करतो: पुन्हा पुन्हा विचारतो, रुसतो, उशीर झाला की मनात नाही नाही ते आणतो. दुसरीवर जास्त असलेला हाकच बंद करतो: कामात डोके घालतो, अबोला धरतो, ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणतो. दोन्हींवर जास्त असलेल्याचे हाल सर्वांत वाईट, कारण त्याला जवळही यायचे असते आणि जवळ येण्याची भीतीही वाटते.

रुसवा आणि अबोला हे आपल्या घरांतले किती जुने शब्द! दोघांचा अर्थ आपण ‘राग’ असा करतो. पण बरेचदा रुसवा म्हणतो, ‘माझ्याकडे पाहा’, आणि अबोला म्हणतो, ‘माझ्याकडे पाहू नका, मला सहन होणार नाही.’

भावनिक बुद्धिमत्ता: काय आणि काय नव्हे

आता दुसरे दालन. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द आज कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांतून इतका फिरतो की तो गुळगुळीत झाला आहे. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने तो जगभर पसरवला. पण त्याआधी १९९० साली पीटर सालोवे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो काटेकोर अर्थाने मांडला होता. १९९७ साली त्यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. चेहऱ्यावरची, आवाजातली, स्वतःच्या शरीरातली भावना ओळखणे ही पहिली. विचाराला भावनेची मदत घेणे ही दुसरी. भावना कशातून उगवते आणि कशात बदलते हे समजणे ही तिसरी. उदाहरणार्थ, अपमान गिळला की त्याचा संताप कसा होतो, हे कळणे. आणि भावना दाबून न टाकता, तिच्या आहारीही न जाता तिला वळण लावणे ही चौथी.

म्हणजे गोड बोलणे, सदा हसतमुख असणे किंवा लोकांकडून काम काढून घेणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. भावना ही एक प्रकारची बातमी आहे आणि ती वाचता येणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

दोन्हींना जोडणारा दुवा

भावना वाचायला माणूस शिकतो कुठे? पडलेले मूल रडत येते. आजी म्हणते, ‘लागलं का रे? घाबरलास ना?’ या दोन वाक्यांत मुलाला दोन वेगळे शब्द मिळतात: एक गुडघ्यातल्या दुखण्यासाठी, दुसरा छातीतल्या धडधडीसाठी. शिवाय एक अनुभव मिळतो: ही धडधड कोणाला तरी सांगितली की कमी होते. ‘मुलगा आहेस ना? रडायचं नाही’ असे ऐकणाऱ्या मुलाला वेगळा धडा मिळतो: धडधड कोणाला दाखवायची नाही. एका वाक्याने कोणाचे आयुष्य ठरत नाही. पण तीच वाक्ये वर्षानुवर्षे कानावर पडली की त्यांची सवय होते. भावना ओळखणे, तिला नाव देणे, तिला आवरणे या सगळ्या पायऱ्या मूल अशा रीतीने लळ्याच्या माणसाच्या मांडीवर शिकते.

मोठेपणी हा दुवा कसा दिसतो, ते तीन अभ्यासांतून पाहू.

पहिला चिंतातुर माणसांविषयी. ख्रिस फ्रेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चेहऱ्यांच्या लहान चित्रफिती दाखवल्या. चेहऱ्यावरची भावना हळूहळू बदलत जाई, आणि बदल दिसताच फीत थांबवायची होती. ज्यांच्या मनात नात्यांबद्दल चिंता जास्त, त्यांना बदल इतरांच्या आधी दिसला. पण ते चुकलेही जास्त, कारण पुरेसे पाहण्याआधीच त्यांनी निष्कर्ष काढला होता. गंमत अशी की, सर्वांना सारखाच वेळ पाहायला लावल्यावर हीच माणसे इतरांपेक्षा अचूक ठरली. अशा माणसाची नजर तीक्ष्ण असते. थांबणे तेवढे त्याला जमत नाही.

दुसरा टाळणाऱ्यांविषयी. मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या आई-वडिलांविषयी प्रश्न विचारले आणि त्याच वेळी त्वचेवरच्या सूक्ष्म घामाचे मोजमाप घेतले. मन आटोक्यात ठेवून ‘तसं विशेष काही नाही’ अशा सुरात बोलणाऱ्यांच्या बाबतीत ताटातूट, नकार यांचे प्रश्न येताच हे मोजमाप वर चढले. खेळण्यांशी खेळत बसलेले ते धडधडत्या काळजाचे बाळ इथे मोठे होऊन भेटते.

तिसरा अभ्यास या दोन दालनांमधल्या दारातच उभा आहे. ग्रीक मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्टिनोस काफेत्सिओस यांनी २००४ साली १९ ते ६६ वयाच्या २३९ माणसांची भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी आणि त्यांच्या बंधांची तऱ्हा ताडून पाहिली. सुरक्षित बंध असलेल्यांचे गुण भावनेचा उपयोग करणे, ती समजणे आणि तिला वळण लावणे या तिन्ही पायऱ्यांवर अधिक होते. फक्त भावना ओळखण्याच्या पहिल्या पायरीवर हा संबंध दिसला नाही. आणि अपेक्षेबाहेरची एक गोष्ट निघाली: नात्यांची गरज झिडकारणाऱ्या माणसांचा आणि भावना ‘समजण्या’च्या गुणांचा संबंधही सरळ निघाला.

हे वाचून मी थबकलो. पण विचार केल्यावर ते ओळखीचे वाटले. दुसऱ्याच्या दुःखाचे अचूक विश्लेषण करणारा, कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या मनाचे धागे उलगडून दाखवणारा आणि स्वतःच्या घरात मात्र मुका होणारा माणूस आपण सर्वांनीच पाहिला आहे. साहित्यसंस्थेत तर तो हमखास भेटतो. कधी कधी आरशातही भेटतो. भावना समजणे ही बुद्धीची गोष्ट असू शकते. ती स्वतःपर्यंत पोहोचू देणे ही विश्वासाची गोष्ट आहे.

आता फोनवरच्या वडिलांकडे पाहू. पहिली पायरी त्यांच्याकडे होती. आवाज उतरल्याचे त्यांनी ओळखले. वाट अडली ती पुढे. ‘काय झालं?’ असे विचारले आणि मुलाने खरेच काही सांगितले, तर त्या दुःखाजवळ बसायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांना कधी विचारले नसावे. सुधीर काकर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय मुलग्याच्या बालपणातल्या एका वळणाचे वर्णन केले आहे: पहिली काही वर्षे तो आईच्या उबेत असतो आणि पाचेक वर्षांचा झाला की पुरुषांच्या शिस्तीच्या जगात एकाएकी ढकलला जातो. आपल्या आधीच्या पिढीतल्या अनेक पुरुषांच्या मौनाची मुळे तिथे असू शकतील. ‘जेवलास का?’ हे त्या मौनातून वाट काढत आलेले प्रेमाचे वाक्य आहे. ते कमी लेखू नका. पण त्याच्या पुढे जाता येते, हेही विसरू नका.

आपली गोष्ट सांगता येणे

इथे मनात प्रश्न येतो: लहानपणी मिळाले नाही, तर आता काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर एका मुलाखतीतून मिळाले, आणि साहित्यावर प्रेम करणाऱ्यांना ते विशेष जवळचे वाटेल.

१९८० च्या दशकात बर्कली येथे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी तासाभराची मुलाखत तयार केली. तीत आईचे आणि वडिलांचे वर्णन करणारी प्रत्येकी पाच विशेषणे विचारतात. मग प्रत्येक विशेषणाला आधार देणारी आठवण विचारतात. एखादा म्हणतो, ‘आई प्रेमळ होती.’ ‘एखादी आठवण?’ ‘प्रेमळच होती. सगळ्यांची आई असते तशी.’ आठवण येतच नाही. दुसरा तीस वर्षांपूर्वीच्या भांडणात असा शिरतो की मूळ प्रश्न मागेच राहतो, आणि आवाज असा चढतो की भांडण काल झाले असावे. तिसरा म्हणतो, ‘वडील कडक होते. एकदा त्यांनी मारलं ते मी विसरलो नाही. पण त्यांची नोकरी गेली होती तेव्हा. आज त्यांची भीती मला कळते. मारणं बरोबर नव्हतंच.’

मुलाखतीचे मूल्यमापन बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यावर होत नाही. ते सांगण्याच्या सुसंगतीवर होते. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी चांगल्या संभाषणाचे नियम सांगितले आहेत: खरे बोला आणि त्याला आधार द्या, हवे तेवढेच बोला, मुद्द्याला धरून बोला, स्पष्ट बोला. तेच इथे कसोटीसाठी वापरले जातात. आणि या कसोटीचा प्रत्यय पुढच्या पिढीत येतो. लंडनमध्ये फोनागी आणि स्टील दांपत्याने गरोदर स्त्रियांच्या अशा मुलाखती घेतल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या मुलाखतींवरून न जन्मलेल्या बाळाचा एक वर्षाच्या वयातला लळा निर्धास्त असेल की नाही, याचा अंदाज सुमारे तीन चतुर्थांश वेळा बरोबर आला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्या वाट्याला काय आले, ते बदलत नाही. पण ते कसे सांगता येते, हे बदलते. कठीण बालपण भोगलेले आणि तरीही ते सरळ, समतोल सांगू शकणारे लोक या मुलाखतींत भेटले. त्यांच्या सुरक्षिततेला ‘कमावलेली सुरक्षितता’ म्हणतात. पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा अभ्यास सांगतो की, अशा आई-वडिलांच्या मनावर उदासीची सावली इतरांपेक्षा अधिक होती. पण मुलांशी त्यांचे वागणे लहानपणापासून सुरक्षित असलेल्यांइतकेच उबदार होते. जखमेचा व्रण राहिला, पण ती पुढच्या पिढीच्या हाती गेली नाही.

अशी सुरक्षितता कमावतात कशी? समंजस जोडीदार, जुना मित्र, मायेची मावशी, एखादे शिक्षक किंवा समुपदेशक: कोणीतरी ऐकून घेणारे भेटावे लागते. २००६ साली जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसणार अशी सूचना देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. पतीचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली, आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता त्यांच्यात ती आणखी कमी दिसली. धीर देणे-घेणे ही अलंकारिक भाषा नाही. ते शरीरात घडते.

घरची भाषा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट लागू पडते. आपण कचेरीत इंग्रजी, बाजारात कानडी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी आणि घरात मराठी बोलतो. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द व वाक्ये ऐकवली. २००३ साली त्यांनी नोंदवले की लहानपणी मुलांना रागावताना म्हणतात तशी वाक्ये मातृभाषेत ऐकताना त्वचेवरचा प्रतिसाद इंग्रजीपेक्षा ठळकपणे अधिक होता. ज्या भाषेत लळा लागला, त्या भाषेत शब्द अंगाला लागतात.

याचे दोन परिणाम होतात. अवघड गोष्ट परक्या भाषेत बोलणे सोपे जाते. ‘आय अॅम डिप्रेस्ड’ असे मुलगा सहज म्हणतो, कारण ते शब्द त्याला पुरते लागत नाहीत. आणि म्हणूनच तीच गोष्ट आई-वडिलांना मराठीत सांगताना त्याचा घसा भरून येतो. पण हुरहूर, धसका, कासावीस, उमाळा, कोंडमारा, रुखरुख यांतला प्रत्येक शब्द वेगळी भावना वेगळी करून दाखवतो. ‘टेन्शन’ या एका शब्दात हे सारे कोंबले की ओळखण्याची पहिलीच पायरी निसटते. मराठी टिकवण्यासाठी आपण सभा भरवतो, स्पर्धा घेतो; ते करावेच. पण नातवाला ‘तुला रुखरुख लागली आहे का?’ असे विचारणे हेही भाषा टिकवणेच आहे.

काही सावधगिरीच्या सूचना

हे सारे वाचून ‘माझा नवरा टाळणारा’, ‘माझी सून चिंतातुर’ असे शिक्के मारण्याचा मोह होईल. तो आवरावा. ही राशींची यादी नव्हे. एकच माणूस पत्नीजवळ बंद आणि बहिणीजवळ मोकळा असू शकतो. बंध आणि भावनिक बुद्धिमत्ता यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला असला तरी तो पोलादी नाही, आणि यापैकी बरेच अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात एवढेच सांगतात. कोण कोणाचे कारण, हे त्यांतून सिद्ध होत नाही.

शिवाय साऱ्या दोषाचे खापर आईवर फोडू नये. एन्सवर्थ यांची पहिली निरीक्षणे जिथे झाली, त्या युगांडातल्या खेड्यांतही मुलांची काळजी आईखेरीज इतर माणसे घेत. आपल्याकडे आजी, काकू, आत्या, शेजारच्या वहिनी असा मोठा गोतावळा असे. लळा अनेकांचा लागू शकतो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढू शकतो. मात्र घरे लहान झाली, माणसे विखुरली, तसा सारा भार आई-वडील दोघांवर आला आहे. ही गोष्ट तरुण पालकांना दोष देण्याआधी आठवावी. आणि जिथे मारहाण, व्यसन किंवा जिवावर उठलेली निराशा आहे, तिथे ‘समजून घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. तिथे तज्ज्ञांची मदत घ्यावी आणि गरज पडल्यास त्या घरातून बाहेरही पडावे.

पुन्हा तो फोन

वडिलांचे वय समजा अडुसष्ट. त्यांनी शिबिराला जावे, पुस्तके वाचावीत, असे मी म्हणणार नाही. काफेत्सिओस यांच्या त्याच अभ्यासात चारांपैकी तीन पायऱ्यांवर वयाने मोठ्या माणसांचे गुण अधिक होते. म्हणजे वय ही अडचणच असते, असे समजायचे कारण नाही. त्यांनी टीव्ही बंद करावा आणि पुन्हा फोन लावावा. म्हणावे, ‘मघाशी तुझा आवाज उतरलेला वाटला. मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर चैन पडेना, म्हणून पुन्हा केला.’

या वाक्यांत चारही पायऱ्या आहेत. त्यांनी मुलाचा आवाज ओळखला. स्वतःची अस्वस्थता ओळखून तिचे ऐकले. ती कशातून आली, हे त्यांना समजले. आणि ती न दाबता, तिचा गवगवाही न करता, तिला फोनपर्यंत नेले. मुलगा कदाचित म्हणेल, ‘काही नाही बाबा, थोडी दगदग आहे.’ तेवढ्यावर थांबावे. उपदेश करू नये, ‘आमच्या वेळी’ काढू नये. ‘बरं. सांगावंसं वाटलं तर सांग, मी जागा आहे,’ एवढे म्हणून फोन ठेवावा.

त्या रात्री तो काही सांगणार नाही कदाचित. पण पुढच्या रविवारी ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’च्या पुढे दोन शब्द जास्त येतील, अशी शक्यता त्यांनी निर्माण केलेली असेल.